मारवेलचं बी उगवलंच नाही, आता काय लावू? मुरमाड रानातल्या कायमच्या गवताबद्दल सविस्तर

सिन्नरच्या पूर्व भागातल्या एका दादांनी विचारलंय. घरची २ एकर मुरमाड उताराची जमीन पडीक आहे, खाली ओढ्याकडे थोडी काळी पट्टी आहे, ४ गाई आणि ८ शेळ्या आहेत, विहीर आहे पण जानेवारीनंतर तिला पाणी राहत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसावर मारवेलचं २ किलो बी बाजरीसारखं पाभरीने पेरलं, महिनाभर वाट बघितली, रानात फक्त गाजरगवत आणि कुंदा आला. आता एकजण सांगतो सुपर नेपियर, म्हणजे उसासारखं उंच वाढणारं चाऱ्याचं गवत, लावा, दुसरा म्हणतो या जमिनीत काही येणार नाही. तर एकदा लावून वर्षानुवर्षं येईल असं कोणतं गवत लावू, असा प्रश्न आहे.

दादा, मी चांदवड तालुक्यात गेली १७ वर्षं गवत करते, करते म्हणजे पीक म्हणून करते, बांधावर आपोआप येतं ते नाही. माझं पहिलं वर्ष अगदी तुमच्यासारखंच गेलं होतं म्हणून लांब लिहितेय. माझ्या मते तुमचा प्रश्न कोणतं गवत हा नाहीच. गवत बरोबर निवडलं होतं, निदान अर्ध्या रानासाठी तरी. गेलं ते पेरणीत. जात बदलून पेरणी तीच ठेवली तर यंदाही तेच होणार.

पाभरीने पेरलं म्हणालात तिथेच उत्तर आहे. बाजरीचं बी पाभर दीड-दोन इंच खाली टाकते आणि बाजरीला तेवढी ताकद असते, ती वर येते. मारवेलच्या दाण्यात तेवढी शिदोरी नसते. त्याला एका सेंटीमीटरपेक्षा जास्त माती अंगावर पडली की कोंब मातीतच संपतो, वर दिसतच नाही, आणि आपल्याला वाटतं बी खोटं होतं. बी खोटं असूही शकतं, त्याचं पुढे सांगते, पण खोल पडलेलं खरं बीसुद्धा उगवत नाही हे आधी पक्कं धरा. मी पहिल्या वर्षी पूर्ण २ एकर नांगरून, वखरून, पाभरीने पेरलं होतं आणि ऑगस्टमध्ये माझ्याकडे एकरभर गाजरगवत होतं. नांगरटीने मातीतलं सगळं तण वर आणलं आणि गवताचं बी खाली गाडलं, दोन्ही उलटं झालं.

आता बी हातात घेऊन बघा. मारवेलचं बी म्हणून जे मिळतं तो खरं तर कापसासारखा हलका भुसा असतो, प्रत्येकाला बारीक तपकिरी कुसळ, सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यातली बरीच टरफलं पोकळ असतात. चिमूटभर घ्या, पांढऱ्या कागदावर पसरा, एकेक टरफल दोन नखांत दाबा. आत दाणा असेल तर नखाला टणक लागतो, पोकळ असेल तर नखं सरळ एकमेकांना भिडतात. १०० टरफलं मोजून असं करायला पाऊण तास लागतो पण पूर्ण हंगाम वाचतो. मला एकदा एका विक्रेत्याने दिलेल्या पिशवीत १०० पैकी १४ भरलेली निघाली होती. त्यानंतर १०० टरफलं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, १०-१२ दिवसांनी किती मोड आले ते मोजा. ३० आले तरी मी खूश असते, १० आले तर तेवढं बी जास्त लागणार हे कळतं. अजून एक, यंदाचं ताजं बी लगेच पेरलं तर बरंचसं झोपलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला झडलेलं बी पुढच्या जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवलं की चांगलं उगवतं, म्हणून बी घेताना ते कधीचं आहे हे विचारायचंच.

आता गवत कोणतं, हे जमिनीवर आहे आणि तुमच्या रानात दोन जमिनी आहेत. खालची काळी पट्टी मारवेलची. मारवेल आपल्याच मातीतलं गवत आहे, दख्खनच्या काळ्या आणि मध्यम जमिनीत जुन्या बांधांवर आपोआप सापडतं. ओळखायचं असेल तर काडीचा पेर बघा, पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि तुरा हाताच्या बोटांसारखा, जांभळट. काळी जमीन थोडी चिबडली तरी सहन करतं, ५००-७०० मिलिमीटर पावसात मजेत राहतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले मारवेल-०६-४० ही जात आहे, पाला जास्त आणि काडी मऊ, तुमच्यापासून राहुरी लांब नाही, चारा पिकांवर काम करणाऱ्यांकडे ठोंबांची, म्हणजे जुन्या बेटातून मुळ्यांसकट फोडलेल्या फुटव्यांची, चौकशी आत्ताच करून ठेवा, पाऊस पडल्यावर सगळेच जातात.

वरच्या मुरमाड उतारावर मात्र मारवेलचा हट्ट धरू नका. तिथे अंजन किंवा पवना ही गवतं लावा. अंजन हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि कमी पावसात टिकतं, मूळ खोल जातं, पण त्याच्या बुडात पाणी साचलेलं त्याला चालत नाही, म्हणून काळ्या पट्टीत अंजन लावू नका. झाशीला भारतीय चरागाह आणि चारा अनुसंधान संस्था आहे, १९६२ पासूनची, बुंदेल अंजन नावाच्या जाती तिथल्या. पवना म्हणजे आपल्या डोंगरउतारावरचं जुनं गवत, आमच्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात की पवन्याचं रान असलं की गाईला दुसरं काही नको. पवन्याचं बी विकत फारसं मिळत नाही, पण तुमच्या आसपासच्या डोंगरावर नक्की असेल, मालकाला विचारून पावसात ठोंब आणता येतात.

डोंगरावरून आणताना कुसळी आणू नका एवढं बघा. तीसुद्धा कायमचं गवत आहे, कोवळी असताना गुरं खातात, पण तिची कुसळं एकदा तयार झाली की शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत घुसतात. असलेली कुसळी ऑगस्टअखेर, कुसळं यायच्या आत कापून टाकायची.

नेपियरबद्दल लोक चुकीचं सांगत नाहीत, ते त्यांच्या रानाचं सांगतात. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे, भारी जमीन आहे, शेणखत आहे, त्याने नेपियर जरूर लावावं, राहुरीचं फुले जयवंत लावावं, त्याच्या उत्पन्नाला मारवेल पुरं पडणार नाही. पण तुमची विहीर जानेवारीत आटते. नेपियरला उन्हाळ्यात पाणी नसलं की ज्या महिन्यांसाठी लावलं त्याच महिन्यांत ते वाळून उभं राहतं, मुरमात तर ठोंबच मरतात. शिवाय शेळ्या नेपियरची जाड कांडी टाकून देतात, कुट्टी केल्याशिवाय अर्धं वाया जातं. विहिरीजवळ ४-५ गुंठे नेपियर ठेवा, दिवाळीपासून जानेवारीपर्यंत हिरवं मिळेल, तेवढंच त्याचं काम. याउलट इगतपुरी-पेठ भागातल्या कोणी हे वाचलं तर त्यांनी माझं जसंच्या तसं उचलू नये, तिकडे पाऊस कित्येक पटींनी जास्त, तिथलं गणितच वेगळं.

आता पेरायचं कसं. मी बी थेट रानात टाकणं जवळजवळ बंद केलंय. आपण नाशिककर कांद्याचं रोप टाकतो, लावतो, हे काम आपल्या बायकांच्या हातात बसलेलं आहे, गवताचंही तसंच करायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीजवळ किंवा घरामागे गुंठाभर जागेत गादीवाफे करा, पाणी कमी असेल तर टाकीने पुरवा, गुंठ्याला फार लागत नाही. अर्धा-पाऊण किलो बी घ्या, चाळलेल्या मातीत आणि राखेत हाताने चोळा म्हणजे कुसळं मोडून बी सुटं होतं, मग बोटभर अंतरावर ओळी ओढून टाका आणि वरून चाळलेलं शेणखत इतकंच भुरभुरा की बी जेमतेम झाकलं जाईल. वर गोणपाट किंवा वाळलेला पाला, झारीने पाणी, पाटाने अजिबात नाही, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. मुंग्या बी ओढून नेतात, वाफ्याभोवती राखेची कड करा. मोड दिसले की संध्याकाळी गोणपाट काढा. पहिले तीन आठवडे रोप केसाइतकं बारीक असतं, निंदणाऱ्या बाईला सांगितलं नाही तर ती तण म्हणून उपटून टाकते, हे माझ्याकडे झालंय, म्हणून ओळीतच टाका, ओळीबाहेरचं ते तण असं सांगता येतं.

५-६ आठवड्यांनी रोप वीतभर होतं, तोवर जुलैचा पाऊस लागलेला असतो. सलग दोन-तीन दिवस भिजपाऊस झाला, माती मुठीत धरली की गोळा होतोय, असं झालं की लावायचं. पहिल्या पावसाच्या आनंदात लावू नका, आपल्या पूर्व भागात जूनच्या पावसानंतर उघडीप हमखास पडते. अंतर काळ्या पट्टीत ६० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे एकरी साधारण २२ हजार रोपं, आणि मुरमावर ६० बाय ४५, म्हणजे १५ हजार, कारण तिथे ओल कमी आणि दाटी केली की सगळीच उपाशी राहतात. ठोंब मिळाले तर उत्तमच, मग रोपाची वाट बघायची गरज नाही. जुनं बेट खणून फोडायचं, एका ठोंबाला २-३ फुटवे आणि मुळ्या हव्यात, वरचा पाला वीतभर ठेवून कापायचा, जागेवर दोन इंच खोल लावून पायाच्या टाचेने दाबायचा. टाच मारल्याशिवाय पुढे जायचं नाही, बुडाशी हवा राहिली की ठोंब वाळतो. खणलेले ठोंब ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि त्याच दिवशी लावून मोकळं व्हायचं. ६ बायकांनी माझं एकर दोन दिवसांत होतं.

रान नांगरू नका. उताराला आडव्या, समपातळीत, दोन-दोन फुटांवर फक्त चऱ्या ओढा, त्या चरीत लावा, मधली जमीन तशीच राहू द्या. माती वाहत नाही, पाणी चरीत मुरतं आणि तणाचं बी खालीच राहतं. तुमच्या रानात कुंदा आहे म्हणालात, तो कायमचा आणि हट्टी असतो, काळ्या पट्टीत जिथे कुंदा दाट आहे तेवढा तुकडा आत्ता मेमध्ये कुदळीने खणून मुळ्या उन्हात वाळू द्या, त्याला दुसरा सोपा इलाज नाही. लावताना चरीत एकरी २ टन कुजलेलं शेणखत आणि एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट टाका. युरिया एकरी ३५ किलोच्या वर नको, तोही दोन हप्त्यांत, अर्धा लागवडीनंतर महिन्याने आणि अर्धा पहिल्या कापणीनंतर, जमिनीत ओल असेल तरच. दोन निंदण्या, लावल्यावर २०-२५ दिवसांनी एक आणि ऑगस्टअखेर दुसरी. मेलेल्या जागी ऑगस्टमध्येच नवीन रोप लावा, पुढच्या वर्षावर ढकललं की त्या जागा गाजरगवत घेतं.

दोन-तीन ओळींनंतर एक ओळ स्टायलोची टाकता आली तर टाका, ती द्विदल आहे, चाऱ्यात प्रथिनं वाढतात आणि जमिनीला नत्र मिळतं. तिच्या बियांचं कवच टणक असतं, गरम पाण्याची प्रक्रिया करूनच पेरायची, बी देणाऱ्याकडून ती नीट समजून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात मी दुसऱ्या वर्षी मार खाल्ला. लागवड छान जमली होती, सप्टेंबरला रान हिरवंगार, आणि मी शेळ्या आत सोडल्या. शेळी कोवळं गवत कापून खात नाही, ओढते, आणि पहिल्या वर्षीचं मूळ अजून जमिनीला धरलेलं नसतं, अख्खं रोप हातात यावं तसं तोंडात येतं. चार दिवसांत रान संपलं. पुढच्या जूनला एकरात दोनशे बेटं पण नव्हती. तेव्हा पहिलं वर्ष गाय नाही, शेळी नाही, शेजाऱ्याचंही जनावर नाही. बाभळीच्या काट्यांची कुंपणं घाला, घरातल्यांना सांगा, गुराख्याला सांगा. कापून न्या, चारू नका. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कापणीच करा आणि तिसऱ्या वर्षापासून हवं तर कापणी झाल्यावर दिवाळीनंतर गाई सोडा, तेही रान कोरडं असताना.

कापायचं कधी आणि किती, यावर गवताचं आयुष्य आहे. विळा जमिनीला घासून कापायची आपल्याला सवय असते, एक पेंढी जास्त मिळते म्हणून. बुडाशी चार बोटं, १०-१२ सेंटीमीटर, सोडायलाच पाहिजेत, नवीन फुटवे तिथूनच येतात आणि गवताने साठवलेलं अन्नही तिथेच असतं. मी विळ्याच्या मुठीला तेवढ्या उंचीची काडी बांधून नवीन बायकांना देते, दोन दिवसांत हात बसतो. पहिल्या वर्षी एकच कापणी, सप्टेंबरअखेर. दुसऱ्या वर्षापासून ऑगस्टमध्ये एक आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक, पाऊस जास्त झाला तर मधे अजून एक निघते. अर्ध्या बेटांना तुरा आला की कापायचं. अजून वाढू दे म्हणून थांबलं तर वजन दिसायला वाढतं पण कस जातो, फुलोऱ्यात प्रथिनं सहा-सात टक्के असतात ती पिवळं पडेपर्यंत अडीच-तीनवर येतात, म्हणजे नोव्हेंबरला कापलेलं गवत गाईने पोटभर खाल्लं तरी दूध उतरतं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कापू नका, बेटाला थोडा पाला राहू द्या. आणि दर दोन-तीन वर्षांनी एक पट्टा न कापता बी झडू द्या, रान स्वतः दाट होतं.

तुमचा खरा जीव अडकलाय तो फेब्रुवारी ते जूनमध्ये, तर तेही सांगते. पाण्याशिवाय कोणतंही गवत त्या महिन्यांत हिरवं राहत नाही. मारवेल, अंजन, पवना तिन्ही वरून वाळतात, खाली जिवंत असतात आणि पहिल्या पावसावर आठवड्यात हिरवी होतात. त्यामुळे उन्हाळ्याचा चारा सप्टेंबरअखेरच्या कापणीत करून ठेवायचा असतो. सकाळचं दव गेलं की कापा, जागेवर पातळ पसरा, संध्याकाळी उलटा, असे दोन-तीन दिवस ऊन मिळालं की पेंढ्या बांधा. परतीचा पाऊस अंगावर आला तर चारा काळा पडतो, म्हणून आभाळ बघूनच आणि रोज जेवढं वाळवू शकाल तेवढंच कापा. मूठभर गवत पिळून बघायचं, हाताला ओल लागत नाही आणि पेर कट्कन मोडतो, म्हणजे गंजी घालायला तयार. गंजीच्या खाली दगड आणि लाकडं, वर ताडपत्री. तीन दिवसांनी गंजीत कोपरापर्यंत हात घाला, आत ऊब लागली तर गंजी लगेच मोडून परत वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि ते गाभण जनावराला घालायचं नसतं. नीट वाळलेलं गवत मेमध्येही हिरवट दिसतं आणि त्याला छान गोडसर वास असतो.

हिशोब मात्र प्रामाणिक करा. ३५० किलोच्या गाईला दिवसाला ९-१० किलो कोरडा चारा लागतो. ४ गाईंचे १२० दिवस म्हणजे साधारण ४८०० किलो, आणि ८ शेळ्या मिळून जवळपास अजून एका गाईएवढं खातात, म्हणजे ६ टन धरा. माझ्या हलक्या रानात बरा पाऊस झालेल्या वर्षी एकरी दीड टन वाळलेलं गवत निघतं, काळ्या तुकड्यात दोन टन. म्हणजे तुमच्या २ एकरातून तिसऱ्या वर्षापासून ३ ते साडेतीन टन, निम्म्याच्या थोडं वर. बाकीचं मक्याच्या चाऱ्यातून, बाजरीच्या सरमाडातून किंवा मुरघासातून करावं लागेल, आणि दुभत्या गाईला पेंड वेगळी. आज विकत घेता त्यातला निम्मा खर्च वाचला तरी खूप आहे, पण सगळं भागेल असं मी सांगणार नाही, आणि पहिल्या वर्षी तर जवळजवळ काहीच मिळणार नाही हे घरात आधीच बोलून ठेवा, कारण जनावरं आत सोडायचा मोह तिथूनच येतो.

रान पेटवायचंही नाही. जुनं गवत जाळलं की नवीन फूट जोरात येते असं आमच्याकडेही म्हणतात, पण मुरमावर आधीच माती वीतभर, त्यावरचा पाला जाळला की पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो आणि ती ओढ्यात जाते. वणवा बाहेरून येऊ शकतो म्हणून फेब्रुवारीत कडेने १० फूट रुंद पट्टा साफ करा. गवताचं रान राखलं की काय होतं ते बघायचं असेल तर येवल्याकडे ममदापूरला जाऊन या, काळविटांसाठी राखीव ठेवलेली माळरानं आहेत, तुमच्या रानासारखाच मुरूम आणि तसाच कमी पाऊस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काळविटांपेक्षा गवताकडेच जास्त बघत होते.

४-५ वर्षांनी बेटं मधून पोकळ व्हायला लागतात, तेव्हा कडेचे फुटवे खणून रिकाम्या जागी लावा, चरीत परत शेणखत टाका, तेवढ्यावर रान पुढे चालत राहतं. माझा सगळ्यात जुना तुकडा १४ वर्षांचा आहे.

यंदा २ एकर एकदम करू नका दादा. काळी पट्टी आणि वरचे १० गुंठे एवढंच करा, त्याच बेटांचे ठोंब पुढच्या जुलैला उरलेल्या रानाला पुरतात आणि बी विकत घ्यायचं कामच राहत नाही. आज उद्यात दोन गोष्टी करा, गेल्या वर्षीचं बी पिशवीत उरलं असेल तर नखाने दाबून बघा, आणि वरच्या रानात तीन ठिकाणी हातभर खड्डा खणून माती किती खोल आहे ते मोजा. मुरूम लागेपर्यंत निदान अर्धा फूट माती असेल तर अंजन लावा, त्याहून कमी असेल तिथे पवना. काय निघालं ते इथेच लिहा, मी बघते.